उजवा गुडघा

सिसरो गावात, सर्माक रोडवर,
टायरच्या दुकानाला लागून आमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक.
फॉर्मवर तिनं नाव लिहिलं, एल्व्हिया मोंतान्यो.
वय लिहिलं नाही.
व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं : रडणे.

दुखणं एक ते दहामध्ये सांगा, मी म्हटलं.
तिनं विचारलं, कॅमेरा किती लांब आहे?

मग गुडघा माझ्या हातात देऊन ती बोलत राहिली,
अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश, उरलेलं भुवयांनी.
हा एकशेबाराव्या भागात जिन्यावरून पडला.
बंगला प्लायवूडचा होता, जिना तेवढा खरा.
पाच वेळा पडले. पाचव्यांदा दिग्दर्शक म्हणाला, छान,
पण मघाचंच घेऊ.
ढकलणारी सवत दर नाताळला
संत्र्यांचा मुरांबा पाठवायची,
मरेपर्यंत. ती खरीच मेली, ती.

मान अवघडली ती आंधळी झाले त्या वर्षी.
मनगट गेलं थोबाडीत मारून मारून.
आणि डावा डोळा बघ,
प्रकाश डावीकडून यायचा, म्हणून पाणी डावीकडूनच.
उजव्याला कुणी शिकवलंच नाही.

फ्रेस्नियोची. बाप चांदीच्या खाणीत,
घरात चमचे पत्र्याचे.
सतराव्या वर्षी हातात ट्रे आला, तोंडी एकच वाक्य :
साहेब आलेत.
चौदा महिने साहेब येत राहिले.
मग एकदा नायिकेला कांजिण्या झाल्या
आणि ट्रे दुसऱ्या पोरीकडे गेला.
त्यानंतर लग्नं अकरा, त्यातली सात मंडपातच मोडलेली,
मग दुष्ट बाई, मग आई, मग दुष्ट आई,
आणि शेवटी हॉलमधला फोटो.
फोटोपुढे मेणबत्ती, सून फोटोशी बोलते.
फार सोपं काम, ती म्हणाली,
पण पैसे एकदाच मिळतात.

आता भाच्याच्या घरी, तळघरातल्या खोलीत.
बॉयलरशेजारी बिछाना. ऊब असते, म्हणते.

गुरुवारी बाहेरच्या बाकावर दोन्या क्रेसेन्सिया असायची,
खुबा बदललेली, पूर्वी मिठाईच्या कारखान्यात पॅकिंगला.
पहिल्याच दिवशी वॉकर आपटून ओरडली,
तूच ना ती! तान्हं बाळ
चर्चच्या पायरीवर टाकून गेलीस, पावसात!
सगळे गप्प. मी मध्ये पडणार, तेवढ्यात
एल्व्हिया उठली, एक पाय ओढत तिच्यापाशी गेली,
म्हणाली, चुकलंच माझं.
पुढच्या गुरुवारी म्हातारीनं तमालेसचा डबा आणला.
तिच्या मांडीवर ठेवला. बोलली मात्र नाही.

फेब्रुवारीत, बर्फ काळं पडलं होतं त्या दिवसांत,
टेबलावर पाय उचलत असताना तिचा फोन वाजला.
ऐकत राहिली. कुणाचं तरी नाव दोनदा घेतलं, लुपिता, लुपिता.
फोन पालथा ठेवला.
धाकटी होती, म्हणाली.
मी थांबले. टेबलाजवळच टिश्यूंचा खोका होता,
मी तो सरकवला देखील, डावीकडून,
आणि मग माझी मलाच लाज वाटली.

तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.
ते इतकं वाईट होतं
की तिला कुणी ट्रेसुद्धा दिला नसता.

किती झाले? तिनं विचारलं.
सात.
मग आठ, ती म्हणाली, आणि पाय उचलला.

संध्याकाळी फाइलमध्ये लिहिलं :
उजवा गुडघा, एकशेअठरा अंश. मागच्यापेक्षा चार जास्त.
बारा वेळा, मदतीशिवाय.
दुखणं, एक ते दहा,
तिथे पेन टेकवून बराच वेळ बसले.
खाली कुणाचं तरी टायर बदलत होते,
नट सोडवायचं ते यंत्र मध्येच किंचाळायचं
आणि थांबायचं.